गावातली पंधरा माणसं कशानं गेली?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातून एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी लिहिलं आहे. वय ३४, शिक्षण बारावी, गावची वस्ती १,६००. गेल्या वर्षभरात गावातली १५ माणसं गेली आणि गाव हबकून गेलं. जत्रेत पालखी अडली म्हणून देवीचा कोप झाला, तिची शांती करायला हवी, असं काहींचं म्हणणं. तरुण पोरं मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात, काहीजण कोविडच्या लशीकडे. सरपंचांनी ६० हजार रुपये खर्चून एक दिवसाचं हार्ट अटॅक तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलंय, कारण नोंदवहीत १५ पैकी नऊ जणांपुढे 'हृदयविकार' किंवा 'वार्धक्य' लिहिलंय. ताईंना मात्र कोण कसं गेलं ते ठाऊक आहे. त्यांनी स्वतःच्या वहीत तशी यादी केली आहे. त्यात त्यांचा चुलत दीरही आहे. तो औषध पिऊन गेला, पण नोंद 'अल्पशा आजाराने' अशी आहे. घरचे म्हणतात, मेलेल्यांची उणीदुणी कशाला काढतेस? ग्रामसेवक म्हणतात, लिहिलंय ते राहू द्या. ताई विचारतात: ही वही ग्रामसभेत उघडू का? आणि आमच्या गावाला झालंय तरी काय?

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सोबतची यादी त्याहून जास्त वेळा वाचली. मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. गावात कोण कशानं गेलं हे कुणीतरी एकत्र लिहून काढावं, असं तिथं असताना सारखं वाटायचं. तुम्ही ते न सांगता केलंत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक हिशेब करू. महाराष्ट्रात वर्षाला हजार माणसांमागे साधारण सहा मृत्यू होतात. तुमच्या १,६०० वस्तीत म्हणजे नऊ-दहा. पण तुमच्या भागातली कर्ती माणसं कामासाठी मुंबईला असतात आणि गावात म्हातारी माणसं जास्त राहतात, त्यामुळे बारा-तेरासुद्धा नवल नाही. यंदाचे १५ थोडे जास्त आहेत, पण आभाळ कोसळल्याइतके नाहीत. लहान गावात आकडा असाच वरखाली होतो. एखाद्या वर्षी आठ, एखाद्या वर्षी सोळा. ग्रामसेवकांकडे मागच्या पाच वर्षांच्या मृत्यूनोंदी असतील, त्या मोजून बघा. माझा अंदाज असा की दर वर्षी साधारण अशीच माणसं अशाच कारणांनी जात होती. यंदा तीन महिन्यांत सहा गेली, म्हणून गावाला ते दिसलं.

हे सांगताना मला तुमची काळजी हलकी करायची नाही. उलट, यंदा काहीतरी विपरीत घडलं असं धरलं की आपण विपरीत कारण शोधतो: कोप, टॉवर, लस. नेहमीचंच घडलं असेल तर नेहमीची कारणं बघावी लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे.

लशीबद्दल थोडक्यात सांगते. १८ ते ४५ वयात अचानक गेलेल्यांचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लस घेतल्यानं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट कमी झाल्याचं दिसलं. आणि तुमच्या यादीत त्या वयाचं, छातीत दुखून अचानक गेलेलं एकही माणूस नाही. टॉवरचंही तेच. या पंधरांतला एकही मृत्यू टॉवरपाशी नेऊन बसवता येत नाही.

आता तो शब्द, 'हृदयविकार'. माणूस कशानंही जावो, शेवटी हृदय थांबतंच. हृदय थांबलं हे मरण कसं आलं त्याचं वर्णन झालं, ते कारण नव्हे. मृत्यूचं कारण लिहिण्याचा जो डॉक्टरी नमुना आहे, त्यात नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहू नये, त्यामागचा आजार लिहावा, अशी स्पष्ट सूचना असते. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एकाचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं असतं. बाकीच्यांचं कारण घरचे सांगतील ते. दारात माणसं जमलेली, लाकडं आणायला गाडी गेलेली. अशा वेळी कुणी विचारलं तर 'अटॅक आला' हे दोन शब्द तोंडून निघतात. यात ग्रामसेवकांचा दोष मी काढणार नाही.

तुमच्या यादीप्रमाणे त्या नऊपैकी पाचजण पंचाहत्तरीच्या पुढचे, अंथरुणाला खिळून शांतपणे गेले. त्यांच्यात शोधण्यासारखं फार नाही. एकजण ५२ वर्षांचे, छातीत दुखून दोन तासांत गेले, तो बहुधा खरा हार्ट अटॅक. आणि उरलेले तिघे? तुम्हीच लिहिलंय: 'तोंड वाकडं झालं, एक बाजू गेली.' तो अर्धांगवायू, पक्षाघात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते नाहीतर फुटते. तिघांनाही बीपी होतं. दोघांनी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या आणि एकांनी कधी सुरूच केल्या नव्हत्या.

इथं मी थांबून बोलणार आहे, कारण तुमच्या गावातलं सगळ्यात मोठं, टाळता येण्यासारखं कारण मला इथं दिसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी केली. गडचिरोली म्हटलं की आपल्या मनात मलेरिया, कुपोषण, बाळंतपणं येतात. चौकशीत पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातल्या बहुतेकांनी प्राण घरीच सोडले. आदिवासी, डोंगराळ, गरीब जिल्ह्यात हे 'श्रीमंतांचं' दुखणं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. घरोघरी विचारलं म्हणून कळलं.

बीपीचं दुखणं असं की ते दुखत नाही. १४०-९० च्या वर असलं तरी माणूस शेतात राबतो, खातो, झोपतो. गोळी सुरू केली की आठ-पंधरा दिवसांत आकडा खाली येतो आणि तो म्हणतो, झालो बरा. वर 'गोळी एकदा चालू केली की जन्माची लागते' हे गावभर झालेलं असतं. त्यावर मी रुग्णांना एवढंच म्हणायचे: विहिरीवर पंप चालू आहे तोवर पाणी येतं, पाणी आलं म्हणून पंप काढून नेत नाही ना आपण? गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम राज्यात ज्या पहिल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत तुमचा सातारा होता. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. तेव्हा सोय नाही असं नाही. महिन्याच्या महिन्याला गोळी घ्यायला कोण आलं नाही, हे बघणारं कुणी नाही.

म्हणून सरपंचांच्या शिबिराबद्दल स्पष्ट सांगते. हेतू चांगला आहे, मार्ग चुकतोय. धडधाकट माणसाचा एकदा काढलेला ईसीजी बहुतेक वेळा ठीकच येतो, आणि ठीक आला म्हणून पुढं अटॅक येणार नाही असं नसतं. पण माणूस कागद घेऊन निर्धास्त घरी जातो, तंबाखूची पुडी काढतो आणि बीपीची गोळी विसरतो. सरपंचांच्या विरोधात उभं राहू नका. त्यांना म्हणा, शिबिर घेऊ, पण वर्षभराचं घेऊ. बीपी मोजायचं चांगलं यंत्र दोन-तीन हजारांत मिळतं. तीन यंत्रं घ्या, तीन वाड्यांवर ठेवा. आशाताई आणि बचत गटातल्या दोघी-तिघी जणींना मोजायला शिकवा. गोळी चालू असलेल्यांची यादी उपकेंद्राच्या मॅडमकडे असते. दर महिन्याला जो गोळी न्यायला आला नाही, त्याच्या दारात कुणीतरी जायचं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी थोडा निधी येतो, तो वापरता येतो. साठातले पन्नास हजार तरी उरतील.

आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर त्या क्षणी १०८. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. म्हणून जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच जायचं. तुमच्या यादीतल्या एका काकांना आधी मालिशवाल्याकडे नेलं, कबुतराचं रक्त चोळलं, दुसऱ्या दिवशी दवाखाना. नेणाऱ्यांनी माया म्हणूनच नेलं होतं, त्यांना बोल लावू नका. पण घड्याळाची ही गोष्ट गावातल्या प्रत्येक घराला माहीत हवी. तोवर रुग्णाच्या तोंडात पाणीही घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आता सव्वीस वर्षांची ती मुलगी, जिच्यापुढं 'पोटदुखी' लिहिलंय. तुमच्या चार ओळींनी मी अस्वस्थ झाले: श्रावणात सोप्यात जमिनीवर झोपली होती, पहाटे पोटात कळा आल्या, डोळे उघडेनात, घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा, देवऋषीकडे नेलं, सकाळी नऊला गेली. शवविच्छेदन झालं नाही, तेव्हा छातीठोक बोलता येत नाही. पण हे सगळं चित्र मण्यारीच्या दंशाचं आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज येत नाही, दुखतही नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या गळतात, मग श्वास अडतो. देशभरात घरोघरी चौकशी करून झालेल्या 'मिलियन डेथ स्टडी'त निघालं की भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशानं मरतात. सरकारी दवाखान्यांतल्या आकड्यांत त्यातली फार थोडी दिसत होती, कारण बाकीची दवाखान्यात पोचलीच नव्हती. नंतरच्या अभ्यासात हा आकडा वर्षाला ५८ हजारांवर गेला.

प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तुमच्या आरोग्य केंद्रात आज किती बाटल्या आहेत, हे पावसाळ्याआधी एकदा जाऊन विचारा. सदस्य म्हणून तुम्हाला तो अधिकार आहे. पावसाळ्यात खाटेवर झोपणं, मच्छरदाणी गादीखाली खोचणं, रात्री बॅटरी, एवढ्यानं मण्यारीचे पुष्कळ दंश टळतात. देवऋषीलाही यात घ्या. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन कुणी आलं तर त्यानंच गाडी बोलवावी, असं त्याच्याकडून वदवून घ्या. मी काम केलेल्या एका गावात एका भगतानं हे मान्य केलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं.

याच मृत्यूचा आणखी एक पदर आहे. ग्रामसेवक म्हणतात लिहिलंय ते राहू द्या. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तर शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. 'पोटदुखी' लिहिलेल्या त्या घराला, तिच्या दोन लहान लेकरांना, ते मिळणार नाहीत. पुढच्या वेळी संशय आला तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका, हे गावात सांगायला हे एक उदाहरण पुरेल. अर्थात त्या घराची तयारी असेल तरच.

वही लिहिण्यानं काय होतं, असं कुणी विचारलं तर तुमच्या डोंगराच्या पलीकडच्या उताराकडे बोट दाखवा. तिथं महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर तरुणपणी सरकारी नोकरीत आले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की दहातली तीन-चार माणसं मरायची. लोक म्हणायचे नशीब. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला काय होतं ते लिहून काढलं. विंचवाचं विष हृदयावर कसं चालतं ते त्यातून समजलं, प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून बघितली आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आलं. बारकाईनं ठेवलेल्या नोंदींतून ते उभं राहिलं.

तुमच्या यादीतली दुचाकीवरची दोन पोरं, १९ आणि २२ वर्षांची, अंधारात उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेली. हेल्मेट नव्हतं, ट्रॉलीला मागं लाल पट्टी नव्हती. हेल्मेटबद्दल पोरांशी बोलाच, पण रिफ्लेक्टरचं काम पंचायत एका दिवसात करू शकते: हंगाम सुरू होताना रस्त्यावर उभं राहायचं आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला पट्टी लावून द्यायची. शेततळ्यात गेलेला आठ वर्षांचा मुलगा, त्याचंही तसंच. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण, आणि चारही बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले दोर. गावात शेततळी किती, ती मोजा आणि येत्या आठवड्यात दोर बांधून घ्या. हे सांगायला लागावं याचंच वाईट वाटतं.

मुंबईहून आजारी होऊन परतलेले आणि खोकून खोकून गेलेले ते भाऊ, त्यांचा क्षयरोग निदान झालेला होता असं तुम्ही लिहिलंय. या उत्तरातलं सगळं बाजूला ठेवा आणि हे आधी करा: त्यांची बायको, आई, मुलं यांची तपासणी झाली का, ते आशाताईंना विचारा. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर सोबत राहणाऱ्यांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. गेलेल्या माणसाची वही बंद झाली तरी त्या घराची अजून उघडी आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. वही ग्रामसभेत उघडायची का? तुमच्या मनात दोनच वाटा दिसतात: सगळं नावानिशी सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. तिसरी आहे. सरकारी नोंदीला हात लावू नका, ती बदलायचा रस्ता कायद्याचा आहे आणि तो तुमच्या एकटीच्या अंगावर येईल. वहीत नावं काढून फक्त वय, बाई की पुरुष, महिना आणि शेवटचे दिवस कसे गेले एवढं ठेवा. १,६०० वस्तीत नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून एका वर्षाचं सांगूच नका. पाच वर्षांचं एकत्र करा. 'पाच वर्षांत बीपीनं इतके, रस्त्यावर इतके, पाण्यात इतके' असं सांगितलं की कुणाच्या दाराकडे बोट जात नाही.

आधीच्या वर्षांची माहिती घ्यायला आशाताईंसोबत जा. सुतक संपल्यावर, महिना-दीड महिना जाऊ देऊन. 'कशानं गेले?' असं विचारू नका, 'शेवटचे आठ दिवस कसे गेले ते सांगाल का?' असं विचारा. दुखणं पहिल्यांदा कधी जाणवलं, न्यायचं कधी ठरलं, गाडी मिळायला किती वेळ गेला, दवाखान्यात पोचल्यावर काय झालं. तुम्ही का नाही नेलं, हे कधीच नाही. बहुतेक घरांना हे सगळं कुणाला तरी सांगायचं असतं, कुणी विचारलेलं नसतं.

देवीच्या शांतीला विरोध करू नका. गावाला दुःख झालंय आणि ते एकत्र बसून हलकं करायची गावाची ती रीत आहे. त्या दिवशी सगळं गाव देवळात असेल. बीपीची यंत्रं सभामंडपात मांडा.

राहिला तुमचा दीर. त्याच्याबद्दल ग्रामसभेत बोलायची गरज नाही, पाच वर्षांच्या आकड्यातही नाही. पण असा विचार कितीतरी वेळा थोड्या वेळापुरता येतो आणि टळतो, त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ ठरतं. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. घराघरांत कुलपाच्या पेट्या वाटून मात्र फरक पडला नाही, हेही तिथंच मोठ्या प्रयोगात दिसलं. म्हणून पेट्या वाटू नका. फवारणीपुरतंच औषध आणायचं, उरलेलं घरात ठेवायचं नाही, आणि कमी जहाल पर्याय कोणते हे कृषी सहायकांना सभेत विचारायचं. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो पंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या. आणि पत्रात तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंत, 'त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलायला थांबला होता, मी स्वयंपाकाच्या घाईत होते', त्यासाठीही हा नंबर आहे. ताई, तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं.

त्याच्या घरी तुम्ही जाता, असं लिहिलंय. जाऊबाई अजून कुणाशी फारशा बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतात. तिकडं जाताना वही नेऊ नका. भाकरी थापायला त्यांच्या शेजारी बसा, आणि त्या त्याचं नाव काढतील तेव्हा विषय बदलू नका.